आवाज बाहेर जायला नको

लोकेशने चौथा हेडफोन कानांवर चढवला, त्याची तार ऑक्टोपॅडच्या मागे खुपसली आणि काउंटरवरची मोबाइलची कव्हरं कोपराने बाजूला सारून दोन्ही काड्या उचलल्या. पॅडच्या एकेका रबरी चौकोनात एकेक वाद्याचा आवाज होता. आधी खालचा जाड ढोल, मग वरचा कडक, मग ढोलकीची थाप आणि शेवटी तिची कडेवरची चाट. आधीचे तिन्ही हेडफोनही त्याने याच क्रमाने तपासले होते. पहिल्यात प्रत्येक ढोल तेलाच्या रिकाम्या पिंपासारखा घुमत होता. दुसऱ्यात थाप कागद फाटल्यासारखी यायची. तिसरा बरा होता, पण हात जलद चालवला की सगळे आवाज एकमेकांच्या अंगावर पडायचे.

चौथाही पिंपच निघाला.

"बेस देखो ना भैया," नंदलाल म्हणाला. गोंदियाच्या बाजारातलं हे दुकान त्याचं. गिऱ्हाईक काही घेईल अशी आशा होती तोवर तो मराठीत बोलत होता. तिसऱ्या हेडफोनपासून हिंदीवर आला होता. "कॉलेज के लड़के यही ले जाते हैं. धम धम धम."

"धमधमच तर नको ना. उसी में सब डूब जाता है."

"फिर कैसा चाहिए?"

"असली."

"असली मतलब?"

लोकेशच्या हातातल्या काड्या थांबल्या. सकाळपासून राईस मिलमध्ये उभं राहून त्याचे पाय भरून आले होते, कानांत अजून मिलचा पट्टा फिरत होता, आणि हा माणूस मास्तरासारखा शब्दाचा अर्थ विचारत होता.

"चमड़े का," तो म्हणाला. "मारूं रबर पे, लेकिन लगना चमड़े का."

बोलून झाल्यावर तो स्वतःच ओशाळला. चामड्याचं त्याला काय माहीत होतं? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत मागे उभं राहून ऐकलेला ढोल, कोणाच्या तरी वरातीपुढचा धुमालचा ताफा, बाकी सगळं रेकॉर्डिंगवरचं. चाळिशी जवळ आली होती आणि त्याने एकदाही वाद्य मांडीवर घेतलं नव्हतं. त्याच्या घरात वाद्य येत नसे.

लहानपणी एकदा मंडईतून त्याने खेळण्यातली मातीची टिमकी आणली होती. बापाने, ताराचंदने, ती त्याच्या हातातून काढून घेतली, चुलीत घातली आणि वरचं चामडं जळून जाईपर्यंत चुलीपुढे बसून राहिला. मारलं नाही, ओरडला नाही. "या घरात हे वाजत नाई," एवढंच म्हणाला. मारलं असतं तर बरं झालं असतं. पोरगं रडून मोकळं झालं असतं. न खाल्लेला मार माणूस विसरत नाही.

आजोबा गावचे वाजंत्री होते आणि छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीने सगळी वाद्यं गावच्या तळ्यात, बोडीत, बुडवली, इतपत लोकेशला माहीत होतं. त्यापुढचं ताराचंद बोलला नाही आणि घरात कोणी विचारलं नाही. विचारायचं नसतं हेही घरात कोणी सांगितलं नव्हतं, ते आपोआप कळलं होतं.

तरी लोकेशला गाण्याचा नाद लागलाच. चुन्नीलालच्या भीमगीतांच्या पार्टीत तो कित्येक वर्षं झांज वाजवत होता. झांज पितळेची, तिला चामडं नाही, म्हणून बापाची हरकत नव्हती. यंदा पार्टीचा ढोलकीवाला नागपूरला निघून गेला. चुन्नीलालने कुठूनसा जुना ऑक्टोपॅड मिळवला आणि तो लोकेशच्या हवाली केला. "शिक," तो म्हणाला. "जयंतीवरी हात बसला तं तू. नाई तं बालाघाटचा एक जन मी सांगून ठेवला आहे."

लोकेशला ही जागा हवी होती. आयुष्यात फार कशाची हाव केली नव्हती त्याने, पण ही केली होती. मिलमध्ये त्याच्यासारखे पुष्कळ होते. एक आला नाही तर दुसरा उभा राही. झांजेचंही तेच. ढोल मात्र थांबला की गाणं थांबतं. आपल्यावाचून कुठे तरी अडावं असं प्रत्येकाला वाटतं, आणि ज्याच्यावाचून कधीच अडलेलं नाही त्याला ते जरा जास्तच वाटतं.

आणि पॅडला तरी चामडं कुठे होतं? रबर होतं. त्याचा आवाज तारेतून सरळ कानात जायचा. म्हणजे घरात काही वाजतच नाही, मग बापाचा नियम मोडला कसा? लोकेशने स्वतःला असं बरंच समजावलं होतं. चोरालाही पळवाट आधी दिसते, घर नंतर. पॅडवर चादर टाकून त्याने तो मागच्या खोलीत ठेवला होता आणि पार्टीचं मशीन आहे असं बापाला सांगितलं होतं. मोबाइलबरोबर आलेले कानातले इअरफोन घालून तो शिकत होता. त्यात थाप कुठली आणि चाट कुठली तेही कळेना, वर एका बाजूचा आवाजच मेला. तेव्हा मोटारसायकलच्या मागच्या टायरला अजून थोडे दिवस चालायला सांगून तो आज पॅडसकट बाजारात आला होता.

नंदलालने स्टूल घेतलं, वर चढला आणि फळीच्या टोकावरून धुळीने माखलेला एक हेडफोन काढला. त्याच्या दोन्ही कपांना बाहेरून बारीक जाळी होती.

"ये आखरी. इसके बाद आप भी घर जाइए, मैं भी खाना खाऊं."

लोकेशने तो चढवला. खालचा ढोल वाजवला आणि हात तसाच राहिला. मग थाप मारली. थापेच्या मागे काहीतरी हललेलं कळत होतं, बंद खोलीचं दार उघडून कोणी वारा आत घेतला असावा तसं. चाट वेगळी, थाप वेगळी, जलद हातातही प्रत्येक आपल्या जागेवर. त्याने डोळे मिटले आणि मोबाइलवर चुन्नीलालने पाठवलेला नवा ठेका थोडासा वाजवून पाहिला. पायांचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे.

डोळे उघडले तेव्हा नंदलाल मान डोलावत होता.

"अच्छा बजाते हो," तो म्हणाला. "यहाँ तक आ रहा है."

"क्या आ रहा है?"

"आवाज. जाली वाला है ना. थोड़ा बाहर भी आता है."

लोकेशने हेडफोन काढून नंदलालच्याच डोक्यावर घातला, पॅडवर हात चालवला आणि कान पुढे केला. खरंच येत होता. डासाएवढा, पण ठेका ओळखू येईल असा.

"नहीं चलेगा."

"अरे! अभी तो आँख बंद करके बजा रहे थे."

"आवाज बाहेर जायला नको. घर में सुनाई देगा."

"घर में कौन है? छोटा बच्चा?"

"बाप है."

"बीमार है?"

"नहीं."

नंदलालने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. बायकोला घाबरून आवाज कमी करणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे येत. केस पिकायला लागलेला माणूस बापाला भिऊन ढोल लपवतो हे त्याने पहिल्यांदा पाहिलं असावं. काउंटरच्या खालून त्याने पूर्वी काचेत मांडून ठेवलेला एक जुना नग काढला, बंद कपांचा, कानांवर येणारी गादी तडकलेली. "बॉक्स नहीं, बिल नहीं, वापसी नहीं," तो म्हणाला आणि जेवणाचा डबा उघडला.

जाळीवाल्याची सर त्याला नव्हती. त्यातला ढोल भिंतीला टेकून वाजवल्यासारखा होता. पण थाप आणि चाट वेगळी ऐकू येत होती आणि नंदलालच्या कानापर्यंत काही जात नव्हतं. लोकेशने तो घेतला. निघताना त्याने फळीवरच्या जाळीच्या हेडफोनकडे एकदा पाहिलं. चांगलं ते आपल्याला परवडत नाही याची त्याला सवय होती. आज मात्र ते पैशामुळे हुकलं नव्हतं.

पॅड मागच्या सीटला बांधून तो बिरसीला, आपल्या गावी, परतला तेव्हा त्याची बायको अल्का ओसरीत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत होती. वरून वैमानिकांच्या शाळेचं छोटं विमान फिरत होतं. ते दिवसभर तेवढंच करायचं, खाली यायचं, चाकं टेकवायची, की पुन्हा वर. पहिल्या वर्षी गाव अंगणात येऊन बघायचं, आता कुत्रीही मान वर करत नव्हती.

"टायर आनला का जी?" अल्काने विचारलं.

"नाई."

"मंग?"

त्याने पिशवीतून हेडफोन काढून दाखवला. अल्काने पान कापता कापता तो पाहिला. इतक्या वर्षांत तिने त्याची झांज सोसली होती, रात्रीबेरात्री परत येणं सोसलं होतं. टायरचं काय, तो कधी ना कधी येईल.

"हे घातल्यावर तुमाले आयकू येत नाई ना, कोनी काई बोललं तं?"

"नाई. तेच तं पायजे."

"हाव," ती म्हणाली. "तेच तं."

ती अजून काही बोलेल असं त्याला वाटलं. तिने पान गुंडाळलं, तंबाखू भरला, दोरा बांधला आणि दुसरं पान घेतलं.

दुसऱ्या दिवशी मिलमधून येऊन, चार घास खाऊन तो मागच्या खोलीत गेला. पुढच्या खोलीत ताराचंद खाटेवर पडला होता, नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून. दोन्ही खोल्यांमध्ये कुडाची भिंत होती, बांबूच्या कामट्या आणि वरून शेणमातीचा लेप. पलीकडचं खोकलणंही तिच्यातून यायचं. म्हणून तर लोकेशने पॅडखाली गोधडीची घडी घातली, हेडफोन चढवला आणि मोबाइलवरचा ठेका पुन्हा एकदा ऐकला.

चुन्नीलालला हा ठेका एका मंडईत सापडला होता. कोणी म्हातारा वाजवत होता, याने मोबाइलवर घेतला आणि ब्लूटूथने लोकेशला दिला. "जुना माल आहे," तो म्हणाला होता. "मुडदा उठून नाचंल." जयंतीचा, केशोरी गावातला कार्यक्रम याच ठेक्यावरच्या गाण्याने उघडायचा असं त्याने ठरवलं होतं, पोस्टरही छापायला दिलं होतं. ठेका अवघड नव्हता, पण त्यात एक खोड होती. तीन थापा, एक दुहेरी चाट, आणि मग हात थांबायचा. मोकळी जागा. नेहमीच्या ठेक्यात असते तेवढी नाही, चांगली लांब, की वाजवणारा विसरला की काय असं वाटावं. लोकेश प्रत्येक वेळी त्या जागेत घाईने काहीतरी भरायचा. चुन्नीलाल म्हणायचा, भरू नको, तीच तर मजा आहे.

आज ती जागा जमली. बंद कपांच्या आत थाप नीट पडत होती, चाट तिच्यापासून सुटून येत होती, आणि हात थांबला की खरोखर काहीच उरत नव्हतं, ना मिल ना विमान. एकदा जमली, दुसऱ्यांदा जमली. लोकेशने डोळे मिटले. केशोरीचा मंडप, पहिली ओळ सुरू व्हायच्या आधीचा एकट्याचा ठेका, सगळ्यांची तोंडं आपल्याकडे. त्याला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

डोळे उघडले तर दारात बाप उभा होता.

ताराचंदचे ओठ हलत होते. लोकेशने हेडफोन गळ्यात ओढला.

"थो ठेका कोनं देला?" ताराचंद विचारत होता.

"कोनता ठेका, बाबा?"

"आतापर्यंत वाजवत होता थो."

लोकेशने काड्या मांडीवर ठेवल्या. चादर पॅडवर टाकायला त्याचा हात निघाला आणि अर्ध्यात राहिला. आता झाकायचं काय?

"तुमाले आयकू येते?"

"मी बयरा नाई. कवापासून आयकून रायलो. टक टक, टक टक. कुडाची भित आहे बाबू, लोखंडाची नाई."

हेडफोन गळ्यात असतानाच लोकेशने एक काडी रबरावर सोडली. टक. कोरडा, लाकडी, स्वच्छ आवाज. घरातल्या प्रत्येकाने रोज ऐकलेला आणि फक्त त्याने न ऐकलेला. जाळीचा चांगला हेडफोन सोडून तो बंद कपांचा का घेतला होता, ते आठवून त्याला स्वतःची कीव आली. बाहेर ओसरीत अल्काची कात्री थांबली होती. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"मंग बोलले काऊन नाई?"

"काय बोलू?" ताराचंद भिंतीला धरत धरत खाली बसला. अडुसष्ट वर्षांचे गुडघे वाकायला वेळ लागला. "मिलातून मरून येतेस. वाटलं, पोट्ट्याचा जीव रमते तं रमू दे. आन थे काई चामडं नोहे. रबर आहे."

जी पळवाट लोकेशने स्वतःसाठी एवढ्या चोरून शोधली होती, तिच्यात म्हातारा आधीच येऊन बसला होता.

"पन हा ठेका नोको," ताराचंद म्हणाला.

"काऊन?"

"हा दारातला आहे."

तो थांबला. लोकेशला वाटलं, झालं, आता हा उठेल आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून पडेल. तसं झालं असतं तर त्यातही नवीन काही नव्हतं. पण ताराचंद उठला नाही. तो पॅडकडे बघत बोलू लागला, जणू सांगायचं पॅडला होतं.

"दिवारीच्या सणाले पाटलाच्या दारापुढं वाजवाचा. थे वाड्यात, आमी रस्त्यावर. माझा बाप डफडं, मी टिमकी. मी एवढासा. दार उघडत नाई तवरी हाच, उभ्यानं. थांबाचं नाई, बसाचं नाई. एका साली थे जेवाले बसले होते. जेवले, पान खाल्लं, मंग आले. माझ्या बोटाले फोड आले होते, पन टिमकी खाली कशी ठेवाची?"

"बाबा..."

"आन थे मधात तू थांबून रायला न, हात उचलून?"

"हाव. ती मोकळी जागा. आज जमली मले."

"थे मोकळी नोहे." ताराचंदचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तठी तोंडानं बोलाचं रायते. जोहार पाटील, जोहार. म्हणून हात थांबते. लांब थांबते, कारन वाकून बोलाचं रायते."

वरून विमान गेलं. ते दूर जाईपर्यंत दोघंही गप्प राहिले. लोकेश त्या ठेक्याकडे मनातल्या मनात पुन्हा बघत होता. तीन थापा, दुहेरी चाट, आणि ती जागा, जी त्याला आत्ता, थोड्या वेळापूर्वी, डोळे मिटून इतकी गोड लागली होती. त्याला राग आला. बापाचा नाही. कोणाचा ते त्याला सांगता आलं नसतं.

"हे मले कोनी सांगतलं नाई," तो म्हणाला.

"नाई सांगतलं." ताराचंदने मान हलवली. "सांगाचं नोयतं म्हणून तं बुडवलं."

"चुन्नीलाल म्हणते, लोक नाचतील."

"नाचतील ना. ठेका चांगलाच आहे. माझ्या बापाचा आहे." म्हाताऱ्याच्या तोंडावर क्षणभर काहीतरी येऊन गेलं, अभिमान म्हणायला लाज वाटावी असं. "पन जयंतीले? केशोरीले समोर म्हातारे बसतील माझ्यासारखे. तू हात उचलशीन, आन कोना एकाच्या तोंडात थो शब्द येईल. एवढ्या वर्सानं. जयंतीच्या मंडपात."

लोकेशने काड्या उचलल्या, पुन्हा ठेवल्या. गाणं ठरलेलं होतं. चुन्नीलालला ठेका बदल म्हणायचं म्हणजे कारण सांगावं लागणार, आणि हे कारण त्याला भर तालमीत कोणत्या तोंडाने सांगणार? आणि सांगूनही चुन्नीलाल ऐकणारा नव्हता. ज्याचं पोस्टर छापायला गेलेलं असतं तो कोणाचं ऐकत नाही.

"थो नाई म्हनला तं?"

"तं बालाघाटवाला वाजवील." बालाघाटवाल्याचं ताराचंदला कुठून कळलं, हे लोकेशने विचारलं नाही. कुडाची भिंत होती. "थ्याले माहीत नाई, थ्याले दोस नाई. तुले आता माहीत झालं."

हे सरळसरळ अन्यायाचं होतं. न सांगता ठेवलं असतं तर लोकेश खुशाल वाजवून मोकळा झाला असता. एवढी वर्षं बाप गप्प राहिला आणि बोलला तो नेमका आज, ठेका बसला त्या दिवशी. लोकेशला रडू यायला लागलं, पण रडण्याइतकीही ताकद अंगात नव्हती. मिलमधून आल्यावर माणसाकडे फारसं काही उरत नाही.

"मंग मी वाजवू काय?" तो म्हणाला. त्यात विचारणं कमी आणि थकवाच जास्त होता.

ताराचंदने हात पुढे केला. लोकेशला आधी कळलंच नाही. पाणी हवं असेल असं वाटलं. ताराचंदची बोटं काड्यांकडे वळली तेव्हा त्याने त्या दिल्या.

म्हाताऱ्याने एक काडी उजव्या मुठीत घट्ट धरली. दुसरी मात्र वेगळी, डाव्या हाताच्या दोन बोटांत, हलकी, अंगठ्याने दाबून. ऑक्टोपॅडवर असं कोणी धरत नाही.

"नागपूरवरून आले लोकं," तो म्हणाला, "थ्या दिवशी एक दुसरा ठेका वाजवला होता. बोडीत टाकाच्या आंधी. आपल्याच वस्तीत, आपल्याच दारापुढं. माझा बाप खाटेवर बसून वाजवत होता. पयल्यांदा बसून. मंग पायटे नेऊन टाकलं सारं." त्याने काड्यांची टोकं रबरावर टेकवली. "तवापासून हाताले लागू देलं नाई. राग नोयता. भ्या होतं. हात आपोआप दारातलाच वाजवील, असं भ्या."

त्याने पहिली थाप मारली. लोकेशने घाईने हेडफोन कानांवर घेतला.

पहिल्याने काचेची बरणी फुटल्यासारखं झालं. म्हाताऱ्याची काडी झांजेच्या चौकोनावर पडली होती. लोकेशने बापाचं मनगट धरून ढोलावर आणलं. ते मनगट याआधी कधी हातात घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. नुसतं हाड होतं. दुसरी थाप बरी पडली, तिसरी चुकली, पुढच्या दोन सावकाश, अडखळत, आठवत आठवत. मग डावा हात उजव्याच्या पाठोपाठ यायला लागला. डावी काडी आधी कडेवर, मग मध्यावर, आणि उजवी काडी तिला आपल्यात ओढून घेणारी.

लोकेश मोजायला लागला होता, ते त्याने सोडून दिलं. हेडफोन कालचाच होता, तडकलेल्या गादीचा, त्यातला ढोल अजूनही भिंतीला टेकून वाजत होता. पण मागे माणूस होता. थाप कुठे जोरात पडेल आणि कुठे नुसतीच टेकेल हे आधी कळत नव्हतं आणि पडली की तीच बरोबर वाटत होती. नंदलालने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या समोर बसलेलं होतं, मांडी घालून, तोंड जरासं उघडं ठेवून, घामाने निथळत. ठेका गोल फिरून पुन्हा पहिल्या थापेवर येत होता. मधे हात उचलायची जागा कुठेच नव्हती.

ताराचंदने वाजवता वाजवताच मान वर केली आणि काहीतरी विचारलं. लोकेशने एका कानावरून हेडफोन सरकवला.

"वाजून रायला का?"

"हाव, बाबा." लोकेशने हेडफोन काढला आणि पुढे धरला. "तुमी आयका ना. घाला हे."

"मले नोको," ताराचंद म्हणाला. रबरावर काड्या पडत होत्या, टक टक, टक टक, कोरड्या. "मले आयकू येते. तू पाय. डाव्या हाताकडं पाय."

लोकेशने हेडफोन गोधडीवर ठेवून दिला आणि बापाच्या डाव्या हाताकडे पाहू लागला. बाहेर ओसरीत अल्काची कात्री पुन्हा चालू झाली. विमान परत फिरून आलं, चाकं टेकवून वर गेलं, आणि या वेळी कोणी थांबलं नाही.